समन्स आलं म्हणजे आरोप आला असं नाही

कायद्याच्या या सदराकडे यंदा आलेली बरीच पत्रं समन्सबद्दलच आहेत. कुणाच्या सुनेला अमेरिकेत ज्यूरीचं, म्हणजे खटल्यात निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात बसण्याचं, समन्स आलंय, कुणाला इथेच साक्षीचं, तर कुणाच्या मोबाइलवर खोटं. नाशिकच्या न्यायालयात सरकारी वकील म्हणून उभी राहत होते तेव्हा समन्सचा कागद हातात घट्ट धरून बाकावर बसलेली माणसं रोज दिसायची. त्यांतल्या बहुतेकांचा गुन्ह्याशी काडीचाही संबंध नसायचा, आणि तरी रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसायचा. म्हणून आज थोडी पत्रं घेते, पण उत्तरं सविस्तर देते.

प्रश्न : आम्ही गंगापूर रोडला राहतो. मुलगा आणि सून न्यू जर्सीत आहेत. सून गेल्या वर्षी तिकडची नागरिक झाली, मुलगा अजून ग्रीन कार्डवर आहे. दोघांच्याही नावाने ज्यूरीचं समन्स आलं. बाळ पाच महिन्यांचं, अंगावर पिणारं. मुलगा म्हणतो, पत्र आलंच नाही असं समजू. सून म्हणते, मी जाणार. तिची नोकरी जाईल का? इंग्रजी बोलताना ती थोडी अडखळते. आणि उद्या कुणाला फाशी द्यायची वेळ तिच्यावर आली तर? आम्हाला तर झोप नाही. — एक आई

उत्तर : ताई, सूनबाई बरोबर बोलते आहे. मुलाला मात्र समजावून सांगा, कारण पत्र बाजूला ठेवण्यात खरा धोका त्यालाच आहे.

त्याच्यापासून सुरुवात करते. न्यू जर्सीत ज्यूरीसाठी नावं काढतात ती मतदार, वाहनपरवानाधारक आणि प्राप्तिकर भरणारे अशा याद्या एकत्र करून, त्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी. त्या याद्यांत ग्रीन कार्डवाले असणारच, म्हणून त्याचं नाव निघालं. यात त्याची काही चूक नाही आणि कुणी त्याच्यावर पाळत ठेवलेली नाही. पण ज्यूरीत बसायला नागरिक असावंच लागतं. समन्सबरोबर प्रश्नावली असते, हल्ली ती ऑनलाइनही भरता येते. त्यात ‘तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का’ या प्रश्नापुढे त्याने ‘नाही’ लिहायचं आणि छापलेल्या मुदतीच्या आत पाठवून द्यायचं. एवढ्यावर त्याचा विषय संपतो. घाईत किंवा चुकून ‘हो’ लिहिलं गेलं तर मात्र नागरिक नसताना नागरिक असल्याचं सांगितलं असं होतं, आणि पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना ते फार महागात पडू शकतं. फॉर्म त्याने स्वतः भरावा, दुसऱ्या कुणाला भरायला देऊ नये.

आता सूनबाई. अठरा वर्षं पूर्ण, नागरिक, त्याच काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, राहणारी, इंग्रजी वाचता आणि समजता येणारी, म्हणजे ती पात्र आहे. उच्चार कसे आहेत हे कुणी बघत नाही. साक्षीदार काय बोलतो ते कळलं पाहिजे आणि खोलीत बसून इतरांशी चर्चा करता आली पाहिजे. ती तिकडे नोकरी करते आहे, म्हणजे हा प्रश्न उरतच नाही.

बाळ लहान आहे हे कारण खरं आहे आणि ते सांगायला अजिबात लाजू नये. न येण्याची परवानगी मागण्याऐवजी तिने तारीख पुढे ढकलून मागावी. पहिल्यांदा मागितलेली पुढची तारीख सहसा मिळते. कारण स्पष्ट लिहायचं, आपल्याला जमेल तो महिना सुचवायचा आणि उत्तर येईपर्यंत तारीख पुढे गेली असं धरून चालायचं नाही. तुम्ही दोघं तिकडे जाणार असाल तर तुम्ही पोहोचल्यानंतरचीच तारीख मागू दे. नातवाला सांभाळायला आजी घरी असेल तर तिला न्यायालयात शांतपणे बसता येईल.

नोकरीची काळजी नको. ज्यूरीच्या कामाला गेली म्हणून काढून टाकायला किंवा तशी धमकी द्यायला मनाई आहे. राज्याच्या न्यायालयासाठी न्यू जर्सीचा कायदा आहे, संघीय न्यायालयासाठी १९७८ चा केंद्रीय कायदा. पगाराचं मात्र वेगळं आहे. त्या दिवसांचा पगार द्यायचा की नाही हे पुष्कळदा कंपनीच्या धोरणावर असतं, तेव्हा समन्सची प्रत मनुष्यबळ विभागाला आधीच देऊन विचारून ठेवावं. न्यायालयाकडून मिळणारा भत्ता फार नसतो. संघीय न्यायालयात दिवसाला ५० डॉलर, राज्यांच्या न्यायालयांत बऱ्याचदा त्याहूनही कमी.

फाशीचं म्हणाल, तर न्यू जर्सीने फाशीची शिक्षा २००७ सालीच रद्द केली. तुमच्या मनातली ही भीती आजच काढून टाका. शिवाय ज्यूरीने सांगायचं असतं ते आरोप सिद्ध झाला की नाही एवढंच, शिक्षा न्यायाधीश ठरवतात. फौजदारी खटल्यात बारा जण असतात आणि बाराही जणांचं एकमत लागतं. दिवाणी दावा असेल तर अनेकदा सहाच जण. समन्सवर ‘ग्रँड ज्यूरी’ लिहिलं आहे की ‘पेटिट ज्यूरी’, हे मात्र नीट वाचायला सांगा. ग्रँड ज्यूरी म्हणजे खटला चालवण्याइतका पुरावा आहे का हे बघणारा गट, त्यात आठवड्यातून ठरावीक दिवस असं काही महिने जावं लागू शकतं. पेटिट ज्यूरी म्हणजे एका खटल्यापुरती. तिथे बऱ्याच ठिकाणी निवड झाली नाही तर एका दिवसात सुट्टी होते.

निवडीच्या वेळी तिला प्रश्न विचारतील. घरात कुणी पोलिसात आहे का, तुमच्याकडे कधी चोरी झाली होती का, पक्षकारांपैकी कुणाला ओळखता का. ही परीक्षा नव्हे, पास-नापास काही नसतं. खरं ते सांगायचं. चारचौघांत सांगण्यासारखं नसेल तर न्यायाधीशांजवळ जाऊन सांगायची परवानगी मागता येते. वकिलांनी नको म्हटलं तर तो अपमान समजू नये, त्यांच्या अंदाजात ती त्या खटल्याला बसली नाही इतकंच. आणि सुटका व्हावी म्हणून मुद्दाम एकांगी उत्तरं देणं तिने मनातही आणू नये. तिथे उत्तरं शपथेवर द्यायची असतात.

पहिल्या दिवशी समन्स, ओळखपत्र, पाण्याची बाटली, डबा, एक पुस्तक आणि स्वेटर न्यावा. वाट बघण्यातच खूप वेळ जातो आणि तिकडच्या इमारती थंडगार असतात. पर्समध्ये छोटा चाकू, कात्री असं काही राहू देऊ नये, दारावर तपासणी होते.

ताई, यापुढचं मी तुमच्यासाठी लिहिते आहे. तिची निवड झाली तर खटला संपेपर्यंत तिने त्याबद्दल कुणाशीही बोलायचं नसतं. नवऱ्याशी नाही, तुमच्याशीही नाही. रात्री जेवताना ‘काय झालं गं आज कोर्टात?’ असं विचारू नका. तिने गुगलवर काही शोधायचं नाही, घटना घडली त्या रस्त्यावरून मुद्दाम जाऊन बघायचं नाही, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक ओळही टाकायची नाही. माझी भाची तिकडे ज्यूरीवर होती. निकाल लागेपर्यंत तिने घरी चकार शब्द काढला नाही, आणि तिच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, आधी ते फार लागलं होतं. पण एका माणसाचं आयुष्य ज्या पुराव्यावर ठरायचं, तो पुरावा दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर, उलटतपासणीतून तावून निघालेला असला पाहिजे. घरून ऐकलेलं एक वाक्य डोक्यात घेऊन ती खोलीत गेली, तर त्या वाक्याची उलटतपासणी कोण घेणार? तुम्ही दोघांनी तिला हे मौन सांभाळू दिलंत, तर तिला केवढी मदत होईल.

प्रश्न : आपल्याकडे ज्यूरी का नाही? की कधी नव्हतीच? — निवृत्त शिक्षक, सिन्नर

उत्तर : होती, सर. लोकमान्य टिळकांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात ज्यूरीपुढेच चालला. ज्यूरीत नऊ जण होते, सात युरोपीय आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली, ती त्यांनी मंडालेत भोगली. ज्यांच्यासाठी तो माणूस लिहीत होता, त्यांच्यापैकी ज्यूरीत कुणीच नव्हतं. ज्यूरी कुणाची आहे यावर किती काही अवलंबून असतं, ते या एका खटल्यात दिसतं. पुढे १९१० मध्ये नाशिक कटाचा खटला मुंबईत चालला तो तीन न्यायाधीशांच्या खास न्यायपीठापुढे, तिथे तर ज्यूरीच नव्हती.

लोकांच्या लक्षात राहिला तो नानावटी खटला. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नौदल अधिकारी नानावटींना खुनाच्या आरोपात निर्दोष म्हटलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या काळात वर्तमानपत्रांनी आणि रस्त्यावरच्या गर्दीने नानावटींची बाजू उचलून धरली होती. वर सूनबाईंनी बाहेरचं काही ऐकू नये असं जे लिहिलं, त्याचं कारण या खटल्यात आहे. नानावटी खटल्याबरोबर देशातली ज्यूरी संपली असं सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. त्यानंतरही काही ठिकाणी ती चालू होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा ठेवली नाही, आणि ती संहिता १ एप्रिल १९७४ ला लागू झाली. आजही पारशी विवाह कायद्याखालच्या खास न्यायालयात समाजातले पाच प्रतिनिधी न्यायाधीशांबरोबर बसतात, ज्यूरीची तेवढी खूण शिल्लक आहे.

प्रश्न : इंदिरानगरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात दुकानासमोर टेम्पोने एका स्कूटरवाल्या मुलीला उडवलं, तिचा पाय मोडला. मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पोलिसांनी जबाब घेतला. आता न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयातून समन्स आलंय. मी आरोपी आहे का? वकील करावा लागेल का? टेम्पोवाल्याचा माणूस दुकानात येऊन ‘कशाला फंदात पडता, नाही आठवत म्हणा’ असं सांगून गेला. बायको म्हणते, मदत केली तेच चुकलं.

उत्तर : दादा, वहिनींना सांगा, काहीही चुकलेलं नाही. ती मुलगी रस्त्यात पडलेली असताना तुम्ही दुकान सोडून धावलात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर स्वतःचं नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. तुम्ही मात्र आपणहून जबाब दिलात, म्हणून आज बोलावणं आलं. तुम्ही सरकार पक्षाचे साक्षीदार आहात, आरोपी नाही. वकील करायची गरज नाही. खटला सरकारी वकील चालवतात.

समन्सवर खटल्याचा क्रमांक, न्यायालय आणि तारीख बघा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर क्रमांक टाकून तारीख तीच आहे ना, हे आदल्या संध्याकाळी तपासा. त्या दिवशी शक्यतो गाडी नेऊ नका, जुन्या सीबीएसच्या परिसरात पार्किंगसाठी फिरताना तुमचा अर्धा जीव जाईल. सिटीलिंक बसने किंवा रिक्षाने या, आणि अकराचा पुकारा असेल तर साडेदहाला पोहोचा. कोर्ट पैरवीचा हवालदार भेटेल, तो तुम्हाला सरकारी वकिलांकडे नेईल. ते तुम्हाला पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब दाखवतील. तो नीट वाचा, पण पाठ करू नका. तुम्ही न सांगितलेलं काही त्यात लिहिलेलं दिसलं, तर तेव्हाच सरकारी वकिलांना सांगा. तो जबाब पोलिसांनी त्यांच्या शब्दांत लिहिलेला असतो, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. न्यायालयापुढे खरी साक्ष ती, जी तुम्ही पिंजऱ्यात उभं राहून, शपथ घेऊन द्याल.

आधी सरकारी वकील प्रश्न विचारतात ती सरतपासणी, मग आरोपीच्या वकिलांची उलटतपासणी. उलटतपासणीत आवाज चढेल, तोच प्रश्न पुन्हा येईल. त्यांचं ते काम आहे, रागावू नका. न्यायाधीशांकडे बघून सावकाश बोला, कारण तुमचं बोलणं लिहून घेतलं जात असतं. आणि जे पाहिलं तेवढंच. अंदाज सांगायचा झाला की साक्षीदार अडकतो. टेम्पो किती वेगात होता असं विचारलं की लोक हमखास ‘ऐंशीच्या स्पीडने’ म्हणतात, मग वकील विचारतात, तुम्ही मीटर बघितला होता का? माझ्या एका खटल्यात दिंडोरी रोडवर भाजी विकणाऱ्या मावशी साक्षीला होत्या. हाच प्रश्न आला. त्या म्हणाल्या, “साहेब, किती ते मला नाही सांगता येणार. गाडी माझ्या अंगावरून गेल्यासारखी गेली आणि गोणपाटावरच्या मेथीच्या जुड्या पार पलीकडच्या नाल्यात पडल्या.” वकिलांनी पुढे वेगाचा प्रश्न विचारला नाही. निकालपत्रात न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं घेतलं.

आठवत नसेल ते ‘आठवत नाही’ म्हणा, ते पूर्ण उत्तर आहे. पण आठवत असताना तसं म्हणणं हे मात्र शपथेवर खोटं बोलणं झालं, आणि त्या टेम्पोवाल्याच्या माणसाने तुम्हाला नेमकं तेच करायला सांगितलंय. त्याच्याशी वाद घालू नका, चहासुद्धा पिऊ नका. दुकानात कॅमेरा असेल तर तो माणूस आला त्या दिवसाचं चित्रण जपून ठेवा. सरकारी वकिलांना आणि तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवा. खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये देशभर लागू केली. भीती खरोखर वाढली तर तुमच्या प्रकरणात त्याखाली अर्ज करता येईल का, ते सरकारी वकिलांना विचारा.

साक्ष संपल्यावर लिहून घेतलेलं वाचून दाखवतात. घरी जायच्या घाईत मान डोलावू नका. ‘उजवीकडून’ ऐवजी ‘डावीकडून’ पडलं असेल तर तिथल्या तिथे सांगून दुरुस्त करून घ्या, मग सही करा. येण्याजाण्याच्या खर्चाचा भत्ताही मागा.

तुम्ही दिवसभर बसलात आणि तारीख पडली, असंही होऊ शकतं. साक्षीदारांच्या तोंडून सगळ्यात जास्त तक्रार मी हीच ऐकली आहे, आणि ती रास्त आहे. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला चार वाजता ‘पुढच्या महिन्यात या’ सांगणं अन्यायाचं आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४६ सांगतं की साक्षीदार हजर असताना, खास कारण लेखी नोंदवल्याशिवाय, त्याची साक्ष न घेता तारीख देऊ नये. तुम्ही हजर आहात हे सरकारी वकिलांकरवी न्यायाधीशांच्या कानावर सकाळीच घाला. खरोखर आजारी असाल तर दाखला जोडून आधी कळवा. न कळवता गैरहजर राहिलात तर न्यायालय वॉरंट काढू शकतं, ५०० रुपयांपर्यंत दंड करू शकतं, आणि जाणूनबुजून टाळलं असं दिसलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुम्ही जाणार आहात, हे तुमच्या पत्रावरून मला कळलंच आहे.

प्रश्न : मी नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. व्हॉट्सॲपवर न्यायालयाचं समन्स म्हणून पीडीएफ आलं. मग व्हिडिओ कॉल आला, ‘तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेरा बंद करू नका’ म्हणाले. मी फोन ठेवला. आता पुढे काही होईल का?

उत्तर : काका, फोन ठेवलात तेच बरोबर केलंत. ‘डिजिटल अरेस्ट’ असं आपल्या कायद्यात काहीही नाही. पण मोबाइलवर आलेलं प्रत्येक समन्स खोटं असंही समजू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत इलेक्ट्रॉनिक समन्सला मान्यता आहे, त्यावर न्यायालयाचा शिक्का किंवा डिजिटल सही असते. म्हणून क्रमांक ई-कोर्ट्सवर टाकून बघा, किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कागद दाखवा. खरं न्यायालय फोनवर पैसे मागत नाही, बँकेचा तपशील विचारत नाही, कुणाला सांगू नका असं म्हणत नाही. अमेरिकेतही ‘तुम्ही ज्यूरीला आला नाहीत, दंड भरा नाहीतर अटक’ असे खोटे फोन फार येतात, तेव्हा गंगापूर रोडच्या ताईंनी हे सूनबाईंनाही सांगावं. तुमचे पैसे गेले नसले तरी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तो नंबर, ते पीडीएफ काही दिवस पुसू नका, पोलिसांना लागेल. आणखी एक. समन्स घेऊन खरा पोलीस दारात आला आणि तुम्ही घरी नसलात, तर पूर्वी ते फक्त घरातल्या सज्ञान पुरुषाकडे देत असत. आता घरातल्या कोणत्याही सज्ञान व्यक्तीकडे देता येतं, म्हणजे काकूही घेऊ शकतात. त्यांना एवढंच सांगून ठेवा, की पोलिसाकडच्या दुसऱ्या प्रतीच्या मागे सही करून द्यावी लागते, आणि ती करण्यात घाबरण्यासारखं काही नाही.